हलणाऱ्या दाताला ब्रश

आधीच सांगते, हिरड्यांच्या आजाराने माणूस सहसा मरत नाही. त्यामुळे या लिखाणात मरणाच्या दारातून परत येणं वगैरे काही नाही. मला भेटायला कोणी फळं घेऊन आलं नाही, कोणी नवस बोललं नाही. दातांच्या दुखण्याला आपल्याकडे आजारपण म्हणतच नाहीत. ऑफिसात सांगून पाहा, हिरड्यांचे उपचार चालू आहेत, अर्धा दिवस सुट्टी हवी. समोरचा आधी हसतो आणि मग आपल्या अक्कलदाढेची गोष्ट सांगतो.

ज्यांच्या ब्रशवर रोज सकाळी थोडं लाल दिसतं आणि जे नळ जोरात सोडून ते वाहून घालवतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पेरू

मी मूळची अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरची. सध्या अमरावतीत राजापेठेला पूनम नावाच्या मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहते. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या एका लहानशा संघटनेत आहे. पत्रकं लिहायची आणि ती घेऊन वस्त्यांत, शेडवर, बसस्टँडवर बोलायचं, हे माझं काम. मुख्य विषय खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून आमच्याकडे लहानथोर जो चघळतात, तो.

मोर्शीला संत्री निवडायच्या शेडवर बायांची जेवणाची सुट्टी होती. खर्ऱ्याने तोंडाचं काय होतं ते मी सांगितलं, पत्रकं वाटली आणि त्यांच्यातच डबा उघडून बसले. एकीने पेरू दिला. मी तो न कापता तसाच चावला.

"पोरी, तुह्या तोंडातून रक्त येऊन राह्यलं," समोरची बाई म्हणाली.

"नाही हो काकू, पेरूच लाल असेल."

"पेरू पांढरा हाय वं. पाह्य."

पाहिलं. पांढऱ्या गरावर माझ्या दातांची ओळ लाल ठिपक्यांत उमटली होती.

"आमाले म्हणते खर्रा सोडा," मागून आवाज आला, "अन् इचंच तोंड रंगलं!"

सगळं शेड हसलं. मीही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. मग सगळ्या गंभीर झाल्या आणि त्यांनी एकमताने निदान केलं: गरमी. आमच्याकडे तोंड आलं, डोळे लाल झाले, केस गळले, नाक फुटलं, काहीही झालं तरी त्याचं कारण अंगातली गरमी असते. हे निदान फुकट मिळतं आणि त्यात कोणाचीच चूक नसते, म्हणून ते इतकं टिकून आहे.

माझी कमलमावशी मोर्शीतच राहते. आईची मोठी बहीण. संध्याकाळची बस पकडण्याआधी तिच्याकडे गेले. मावशीचे सगळे दात गेले आहेत. कवळी आहे, पण ती जेवताना काढून ठेवते आणि लोकांत बसताना लावते. म्हणजे नेमकी उलटी वापरते.

मावशीच्या दातांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. चाळिशी ओलांडली तेव्हा गावात दातांचं शिबिर आलं होतं. तिथे मशीन लावून तिच्या दातांवरचं कीटण काढलं. त्यानंतर दात हलायला लागले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेक करून सगळे गेले. तेव्हापासून आमच्या घरात कायदाच झाला, की दात दुखला तर उपटावा, पण साफ करायला कधी जाऊ नये.

मावशीने मोबाईलचा उजेड पाडून माझं तोंड पाहिलं.

"गरमी हाय. सब्जा पी. तुरटीच्या पाण्यानं चूळ भर. अन् जठी रक्त येते तठी ब्रश लावू नको. जखमेले कोणी घासते का?"

मला ते पटलं. जखमेला घासत नाहीत, हे कोणालाही पटेल. मी खालच्या समोरच्या दातांवरून ब्रश नुसता फिरवल्यासारखा करू लागले आणि रक्त कमी झालं. गरमी गेली, असं मी मावशीला फोन करून सांगितलंसुद्धा.

खरं म्हणजे रक्त दिसेनासं झालं होतं, एवढंच. कारण ते जिथून यायचं तिथे मी हातच लावत नव्हते.

निदान

दवाखान्यात जाण्याचं श्रेय पूनमचं. एका सकाळी चहाचा कप हातात देताना ती म्हणाली, "राग मानू नको, पण तुझ्या तोंडाचा वास येऊन राहिला. आजचा नाही. महिना झाला असेल."

मी राग मानला. दोन दिवस तिच्याशी तोंड वळवून बोलले. पण तोपर्यंत जिभेला एक खेळ सापडला होता. खालचे समोरचे मधले दोन दात जिभेने ढकलले की हलायचे. किंचितच, पण हलायचे. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. दुधाचे दात पडले तेव्हा हा खेळ खेळले होते, आणि त्याचा शेवट कसा होतो ते मला माहीत होतं.

राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर राऊत मॅडमचा दवाखाना आहे. खाली मुलं गाड्या लावताना भांडत असतात, वर आपण आ करून पडलेलो असतो. मॅडमनी टोकाला बारीक खुणा असलेली एक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती हिरडीत घालून आकडे बोलू लागल्या. सहायक मुलगी लिहून घेत होती. दोन, तीन, दोन. तीन, तीन, दोन. समोर आल्यावर आकडे बदलले. पाच. सहा. सात.

परीक्षेची सवय असल्याने मी विचारलं, "जास्त आकडा चांगला का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे, ते मोजते आहे."

मग एक्स-रे. त्यांनी पडद्यावर पेन टेकवलं. "हाड इथपर्यंत हवं." पेन खाली सरकलं. "तुमचं इथे आहे."

"मी तंबाखू खात नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी जरा मोठ्यानेच म्हणाले असणार, कारण सहायक मुलीने मान वर केली.

"खात नाही म्हणून एवढं तरी आहे."

"मग मला कसं झालं?"

"तुम्ही दात घासता, पण दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला ब्रश पोचत नाही. तिथे थर साचतो, त्याचा दगड होतो. हिरडी सुजते, रक्त येतं. आणि रक्त आलं की लोक ब्रश आणखी लांब ठेवतात."

मी सब्ज्याचा विषय काढला नाही.

घरात कोणाला आहे का, त्यांनी विचारलं. मावशीचं सांगितलं. काही घरांत हे लवकर आणि जोरात येतं, असं त्या म्हणाल्या. आईला शुगर आहे तेही सांगितलं. तेव्हा त्यांनी माझीही शुगर तपासून आणायला सांगितली. ती नंतर ठीक निघाली.

"गेलेलं हाड परत येईल?"

"ते धरून चालू नका. आहे ते थांबवायचं. चार बैठकांत सगळं खोलवर साफ करू. घरी तुम्ही मी सांगते तसं घासायचं. हे दोन दात राहतील की जातील, ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजून सांगेन."

त्या दिवशी जिना उतरताना मला रडू वगैरे आलं नाही. संताप आला. शाळेत मी दाताच्या उभ्या छेदाची आकृती नावं देऊन काढली आहे, तिला पूर्ण गुण मिळाले आहेत. हिरडीतून रक्त येणं ही धोक्याची खूण आहे, हे मात्र एकाही वर्गात कोणी सांगितलं नाही. जाहिरातींत दात पांढरे होतात, हिरडीचं नाव कोणी घेत नाही. आरोग्य तपासणी म्हटली की वजन, बीपी, शुगर, डोळे. तोंड उघडा असं कोणी म्हणत नाही. आणि माझंच पत्रक! खर्ऱ्याने हिरड्या जातात, असं त्यात ठळक अक्षरांत आहे. खर्रा न खाताही जातात, हे त्यात नाही.

फोन

"आई, डॉक्टर दात साफ करायचे म्हणून राहिली."

"नाई."

"ऐकून तं घे."

"नाई म्हतलं ना! कमलीचं तोंड पाह्यलं नाई का तू? मशीन लावली अन् सत्यानास झाला. गरमी असन. गुलकंद खा."

"गुलकंदाने हाड थांबत नाही आई."

"पत्रकातलं बोलू नको माह्याशी. तुही सोयरीक व्हाची हाय अजून. बिनादाताची पोट्टी कोण पसंत करते?"

"म्हणूनच तं साफ करायचे."

"म्हणूनच नाई कराचे!"

मागून बाबांचा आवाज आला, "काढूनच टाक म्हणा दोन्ही. नवे बसवते आजकाल." बाबांच्या मते शरीर म्हणजे स्कूटर आहे. सुटा भाग बदलला की गाडी चालू.

आईने फोन ठेवला. हे सगळं लग्नाच्या काळजीतून नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ऐन उमेदीतली बहीण जेवणाच्या पंगतीत भाकर दुधात कुस्करून खाते, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिला मशीनची भीती वाटत होती आणि ती भीती खरी होती.

पहिली बैठक

मी आईला न सांगता गेले. ओठ बधिर केला. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन, असं मॅडम म्हणाल्या. मी दोनदा हात वर केला आणि त्या दोन्ही वेळा खरंच थांबल्या. ऐकायला लहान वाटेल, पण खुर्चीत आडवं पडून तोंड उघडं ठेवलेल्या माणसाला एवढाच अधिकार उरलेला असतो. तो पाळला गेला की धीर येतो.

शेवटी मास्कच्या आतूनच त्या काही तरी म्हणाल्या. थोडे दिवस झिणझिण्या येतील, दात जरासे हलल्यासारखे वाटतील, घासणं मात्र सोडू नका. पाण्याच्या नळीचा आवाज चालू होता. मी मान हलवली. मला त्यातलं झिणझिण्या तेवढं ऐकू आलं. इतकं महत्त्वाचं वाक्य मास्क काढून, डोळ्यांत पाहून आणि दोनदा सांगायला हवं. हे मी मॅडमना नंतर तोंडावर सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं.

बधिरपणा उतरल्यावर आरशात पाहिलं. खालच्या दातांमध्ये फटी दिसत होत्या. इतकी वर्षं जिथे पिवळट दगड होता तिथे आता मोकळी जागा होती. श्वास घेतला तरी गार वाटायचं. आणि ते दोन दात पहिल्यापेक्षा जास्त हलत होते.

मावशीची गोष्ट माझ्या तोंडात सुरू झाली होती.

मी पाण्याचा घोटसुद्धा सावकाश घेऊ लागले. भाकर बाजूच्या दातांनी. खालच्या दातांना ब्रश लावणं बंद. दुसऱ्या बैठकीला गेले नाही, दवाखान्याचा फोन आला तो उचलला नाही. बस्स, आहेत तसे राहू देत, असं वाटत होतं. शेवटी आईला फोन केला.

"तू म्हणत होती तेच झालं."

आई ‘म्या सांगतलं होतं’ असं म्हणेल, याची तयारी ठेवली होती. ती रडायला लागली. त्याची तयारी नव्हती.

पुरावा

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी राजापेठेत हजर. आई बाळापूरहून आणि मावशी मोर्शीहून, जणू कोर्टात तारीख होती. आईला मला घरी न्यायचं होतं. मी म्हणाले, एकदा डॉक्टरला विचारून मग जाऊ.

"विचाराचं काय त्यात?" मावशी म्हणाली. "चाल, म्याच बोलतो तिच्याशी."

दवाखान्यात गर्दी नव्हती. मॅडम हात धूत होत्या. मावशी दारातूनच सुरू झाली.

"म्याडम, म्या मोर्शीहून आलो. माह्या पोरीचे दात तुमी ढिल्ले केले."

"बसा मावशी."

"बसाले नाई आलो." असं म्हणून मावशीने तोंडातली कवळी काढली, पदराने पुसली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. "हे पाहा. माह्यावालेबी असेच साफ केले होते. सगळे गेले."

आई खाली मान घालून उभी. सहायक मुलगी मोठ्या मुश्किलीने हसू दाबत होती. मॅडमनी मास्क उतरवला, खुर्ची ओढली आणि मावशीच्या समोर बसल्या. कवळीकडे त्यांनी इतर कोणत्याही दातांकडे पाहावं तसंच पाहिलं.

"शिबिरात साफ केल्यावर पुढे काय करायचं, सांगितलं होतं?"

"टूथपेस्ट देल्ली. बॅनरापाशी उभं करून फोटो काढला. झालं."

"पुन्हा दाखवायला गेलात?"

"कोठी दाखवू? शिबिर होतं. चाल्लं गेलं."

"मग दात हलायला लागले."

"हाव."

"तेव्हा घासत होतात?"

मावशीने मॅडमकडे असं पाहिलं, की यांना डॉक्टर कोणी केलं. "हालणाऱ्या दाताले ब्रश लावते का कोणी? बोटबी नाई लावलं म्या. भल्ला जपलो. पडेपर्यंत जपलो."

खालच्या क्लासमधून गाड्यांचे हॉर्न येत होते.

मग मॅडम बोलल्या. "मावशी, बैल बांधायची मेख पाहिली ना? तिच्याभोवतीची माती हळूहळू वाहून जाते आणि वर चिखल वाळून दगड होतो. मेख पक्की वाटते. तो दगड फोडला की मेख हलते. ती दगड फोडल्यामुळे हलत नाही, खालची माती आधीच गेलेली असते. पण दगड फोडून जागा स्वच्छ ठेवली तर उरलेली माती तिला धरते. सूज उतरते, हिरडी आवळून बसते. नाही ठेवली, तर पुन्हा चिखल, पुन्हा दगड, आणि उरलेली मातीही जाते."

मावशी ऐकत होती. बिनादाताचं तोंड मिटलेलं असलं की तिचा चेहरा लहान दिसतो.

"म्हणजे," ती म्हणाली, "हालत होते तवाच घासाचे होते?"

"हो."

मॅडमनी टेबलावरच्या कवळीकडे पाहिलं. "सगळे वाचले नसते. काही वाचले असते."

"कोणते?" मावशीने विचारलं.

मॅडमनी उगाच उत्तर बनवून दिलं नाही, हे मला आवडलं. मावशीने कवळी उचलली, पाठ फिरवून तोंडात बसवली आणि पुन्हा वळली.

"इचं कराचं हाय ते करा," ती म्हणाली. आणि आईकडे पाहून, "तू काहून उभी? बस ना."

मला त्या शिबिरवाल्यांची नावं माहीत नाहीत. माहीत असती तरी इथे लिहिली नसती, कारण ते काही एकटे नाहीत. बॅनर, पाहुणे, हारतुरे, एका दुपारी शंभर तोंडं, आणि दुसऱ्या दिवशी त्या तोंडांचं काय झालं ते विचारायला कोणी नाही. दात साफ करणं वाईट नव्हतं. साफ करून निघून जाणं वाईट होतं. मागे जे उरलं त्याचा लोकांनी आपल्या अनुभवाने अर्थ लावला आणि तो अर्थ एका घरात आईकडून मुलीकडे आला. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मावशीने जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून दुसरा कोणता अर्थ तिने काढायचा होता?

पुढचे दिवस

त्याच दिवशी दुसरी बैठक झाली. मग तिसरी, चौथी. खालच्या दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवली, म्हणजे हलणाऱ्या दोघांना शेजाऱ्यांचा आधार. जिभेला ती आठवडाभर कुंपणासारखी टोचत होती. नंतर तिची सवय झाली.

पूनमने बिनतिखटाची पातळ खिचडी करून घातली. वऱ्हाडात बिनतिखटाचं जेवण म्हणजे अपमानच असतो. "तुझ्यासाठी मी आपलं नाव खराब करून राहिली," असं म्हणत ती रोज करायची. वासाचं खरं बोलणारी आणि वर खिचडी करणारी मैत्रीण असली की निम्मा आजार हलका होतो.

घासायचं नव्याने शिकले. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा, जोर नाही, जागच्या जागी हलकं हलकं. पुढून तसंच मागून. दातांच्या फटींत घालायला बाटली धुवायच्या ब्रशसारखा एक चिमुकला ब्रश मिळतो, तो रात्री झोपण्याआधी. पहिल्या सकाळी बेसिन लाल झालं. हात आपोआप मागे आला. तो पुन्हा पुढे नेणं, या अख्ख्या आजारपणातलं माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम तेच होतं. सुई नाही, मशीन नाही. हलणाऱ्या, रक्त येणाऱ्या दाताला स्वतःच्या हाताने ब्रश लावणं. रोज वाटायचं, आज तो ब्रशसोबत बाहेर येणार.

आला नाही. आठवडाभराने लाल कमी झालं. आणखी काही दिवसांनी बेसिन पांढरंच राहिलं. यावेळी मी हात लावत होते आणि तरी रक्त येत नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा ती सळई. डोळे मिटून आकडे ऐकत होते. दोन, तीन, दोन. समोर. तीन. चार. तीन. चार. सात कुठेच आला नाही.

"राहतील," मॅडम म्हणाल्या. "डावा जरा हलतो, तो तसाच हलत राहील. तार ठेवू. दर तीन महिन्यांनी यायचं. हे बरं होऊन संपत नाही, सांभाळावं लागतं."

यावेळी त्यांनी मास्क काढून सांगितलं, आणि दोनदा.

लाल मंजन

मावशीसोबत दवाखान्यात आली त्या दिवशी आई तपासणीच्या खुर्चीत बसली नव्हती. "मले काई नाई," म्हणाली होती. "माह्या तोंडातून कधी रक्त नाई येत."

नंतर मी बाळापूरला गेले, तेव्हा सकाळी तिला मोरीपाशी पाहिलं. तळहातावर लाल मंजन, त्यात बोट बुडवून दातांवरून दोन फेरे, चूळ. चूळ लालच. ती नेहमीच लाल असते, मंजनच लाल आहे ना! मी लहानपणापासून ते पाहत आले होते. त्यातलं किती मंजन आणि किती रक्त, हे आमच्या घरात कोणी कसं ओळखणार होतं?

भाषण दिलं असतं तर तिने पत्रक म्हणून झटकलं असतं. मंजनाचा डबा उचलून कपाटावर ठेवला आणि मऊ ब्रशवर पांढरी पेस्ट लावून तिच्या हातात दिली.

आईने घासलं. थुंकली. मोरीच्या फरशीकडे पाहत राहिली.

"हे मंजन नोहे," ती म्हणाली.

"नाही."

"कधीपासून असन?"

मी कपाटातून तिची शुगरची फाईल काढली.

अकोल्याच्या डॉक्टरांकडे आधी तिची शुगर ताब्यात आणावी लागली. शुगर वाढलेली असली की हिरड्या भरत नाहीत, आणि हिरड्या बिघडल्या की शुगरही ऐकत नाही. मग अमरावतीला राऊत मॅडमकडे बैठका. दोन दाढा वाचवता आल्या नाहीत, काढाव्या लागल्या. बाकीचे साफ झाले, आणि साफ झाल्यावर, अर्थातच, हलायला लागले.

आईला बाळापूरला सोडून मी कामावर परतणार होते. मला भीती होती ती त्या पहिल्या दोन आठवड्यांची. आई एकटी मोरीपाशी उभी राहणार, हात मागे येणार, ब्रश खाली ठेवला जाणार. बाबा म्हणणार, काढूनच टाक. मी सुट्टी वाढवायचा विचार करत होते, तेवढ्यात पिशवी घेऊन मावशी आली.

"तू जाय कामाले," ती मला म्हणाली. "म्या हावो अठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होते. मोरीत आई ब्रश घेऊन उभी होती. मावशी तिच्या मागे, कमरेवर हात ठेवून. कवळी अजून लावलेली नव्हती.

"थांबली काहून?" मावशी म्हणाली.

"हालून राह्यला वं."

"हालू दे. घास."

"रक्त येते."

"येऊ दे. घास. हळू घास, पण घास."

आईने वळून तिच्याकडे पाहिलं. जन्मभर या मोठ्या बहिणीचं तिने ऐकलं होतं, आणि आता तिला राग आला होता. "तू कोण वं मले शिकवाले? तुह्या तोंडात एक तरी दात हाय का?"

मावशी हसली. कवळीशिवाय, सगळ्या हिरड्या दाखवत.

"म्हणूनच तं सांगून राह्यलो," ती म्हणाली. "घास."